बालवाडीतलं खेळसाहित्य कपाटाबाहेर येऊ द्या

मा. शिक्षणमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

मी बालवाडीची शिक्षिका. तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर जमिनीवर बसून काम करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. बालवर्गांसाठी निधी मंजूर झाला की सगळ्यांत आधी वर्गात येतो तो खेळण्यांचा संच. त्या संचाचं पुढे काय होतं, हे वर्गात बसणाऱ्या माणसानेच आपल्या कानावर घालायला हवं, म्हणून हे पत्र.

पूर्वी मी ज्या वर्गावर होते तिथे असा एक संच आला. पोचपावती झाली, एकेक वस्तू जडवस्तू नोंदवहीत, म्हणजे टिकाऊ सामानाच्या हिशेबाच्या वहीत, चढली आणि संच काचेच्या कपाटात जाऊन बसला. कपाटाला कुलूप. मुलांना का देत नाही, असं विचारलं तर उत्तर तयार होतं: मोडलं तर भरून कोण देणार? यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. तपासणीला येणारे साहेब नोंदवही आणि वस्तू ताडून पाहतात. बारा लिहिल्या असतील तर बारा दिसायला हव्यात. खेळलेली वस्तू झिजते, हरवते, आणि त्याचा खुलासा शिक्षिकेला लिहून द्यावा लागतो. आमच्या वर्गातला एक मुलगा रोज सुट्टीत त्या कपाटाला कपाळ टेकून उभा राही आणि आतल्या लाकडी गाडीची चाकं मोजत बसे. वर्ष सरलं, तो पहिलीत गेला. गाडीला त्याचा हात एकदाही लागला नाही.

म्हणून माझी पहिली विनंती खरेदीची नाहीच. मुलांच्या हाताळणीच्या वस्तू जडवस्तूंच्या नोंदवहीतून काढा आणि खडू-कागदाप्रमाणे वापरून संपणाऱ्या वस्तूंमध्ये धरा.

खरेदीचं बोलायचं, तर बटण दाबलं की गाणं म्हणणारी किंवा एकाच खाचेत एकच तुकडा बसणारी खेळणी थोडी पुरतात. मुलाला उत्तर सापडलं की खेळ संपला. ज्याचा उपयोग आधी कुणी ठरवून ठेवलेला नाही, असं साहित्य वर्गात भरपूर हवं: लाकडी ठोकळे, दोऱ्याची रिकामी रिळं, पुठ्ठ्याच्या नळ्या, बाटल्यांची झाकणं, शिंपले, गुळगुळीत गोटे, काटक्या, कापडाचे मोठे तुकडे, दोरी, कपड्यांचे चिमटे, आणि माती, वाळू, पाणी. आम्ही याला मुक्त साहित्य म्हणतो. कापडाचा तुकडा सकाळी नदी असतो, थोड्या वेळाने तंबू, आणि जायच्या वेळी आजारी बाहुलीचं पांघरूण.

हे आजचं खूळ नाही. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी १८३७ साली जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी संस्था सुरू केली, १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिलं. त्यांच्या खेळसाधनांपैकी एक म्हणजे आठ छोट्या घनांत विभागलेला लाकडी घन, बस. पुढे न्यूयॉर्कमध्ये १९१४ साली शाळा काढणाऱ्या कॅरोलिन प्रॅट यांनी ठोकळ्यांचं माप बसवलं: लांबी ५.५ इंच, रुंदी २.७५ आणि जाडी १.३७५. म्हणजे जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. संचातले बाकीचे तुकडेही याच्या निम्मे, दुप्पट, चौपट. मूल ते मांडता मांडता निम्मं आणि दुप्पट हाताने शिकतं. शब्द मागून येतात. १९७१ मध्ये ब्रिटिश शिल्पकार सायमन निकल्सन यांनी सुट्या भागांचा विचार मांडला: भोवताली हलवता, जोडता, बदलता येण्याजोगं जितकं अधिक, तितका कल्पकतेला आणि शोधाला वाव अधिक. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत बालशिक्षणाचं जे काम केलं, त्यात महागडी साधनं बाजूला ठेवून आसपास मिळणाऱ्या वस्तूंमधूनच शिकण्याची साधनं उभी केली.

एक प्रसंग सांगते. साडेचार वर्षांची एक मुलगी पूल बांधत होती. दोन ठोकळे उभे केले, वर तिसरा आडवा ठेवला. पोचेना. एका टोकाने टेकला की दुसरं टोक खाली. चार वेळा पडला. माझा हात पुढे गेला होता, तो मी मागे घेतला. ती पोटावर पालथी पडली, गाल जमिनीला लावून दोन खांबांमधल्या फटीतून बराच वेळ पाहत राहिली. मग एक खांब बोटाने किंचित आत सरकवला. ठोकळा बसला. आता ती तो खांब पुन्हा हळूहळू बाहेर ओढायला लागली, कुठवर टिकतो ते बघत. तेवढ्यात दोघं जण रीळ घेऊन आले, त्यांची ती बोट होती आणि पुलाखालून जात नव्हती. पूल उंच करायचा ठरलं. एकाने एकाच बाजूला ठोकळा चढवला, तशी ती म्हणाली, “दोन्हीकडे सारखं लाव, नाहीतर घसरगुंडी होईल!”

मंत्रिमहोदय, त्या अर्ध्या तासात लांबी मोजली गेली, तोल सांभाळला गेला, चूक दुरुस्त झाली, दुसऱ्याची अडचण ऐकली गेली आणि कारण देणारं पूर्ण वाक्य बोललं गेलं. मी हात पुढे केला असता तर फक्त पूल झाला असता.

त्यासाठी वर्गाची मांडणी विचारपूर्वक करावी लागते. ठोकळ्यांचा कोपरा येण्याजाण्याच्या वाटेवर नको. कुणाचा तरी पाय लागून मनोरा पडला की भांडण ठरलेलंच. तिथे सपाट, जाड सतरंजी हवी, म्हणजे आवाज कमी होतो. भातुकली आणि बाहुल्या ठोकळ्यांच्या शेजारी ठेवल्या की दोन्ही खेळ एकमेकांत मिसळतात, आणि तिथेच सगळ्यांत छान गोष्टी रचल्या जातात. पाणी-माती नळाजवळ. पुस्तकांचा कोपरा लांब, उजेडात. फडताळं उघडी आणि मुलांच्या खांद्याच्या खाली, फळीवर ठोकळ्याच्या आकाराचा कागद चिकटवलेला. तो पाहून तीन वर्षांचं मूलसुद्धा आवरून ठेवतं. सगळं एकदम मांडू नये. टोपल्या थोड्या ठेवाव्यात, काही दिवसांनी बदलाव्यात. मात्र ठोकळ्यांत काटकसर नको. दहा ठोकळ्यांत चार मुलं खेळत नाहीत, हिसकाहिसकी करतात. माझ्या अनुभवात चौघांना शंभरेक तरी लागतात.

आणि वेळ. वस्तूंइतकीच टंचाई वेळेची आहे. वेळापत्रकात खेळाला वीस मिनिटं असतात. पहिली दहा काय खेळायचं, कोण कोण व्हायचं यातच जातात, खेळ रंगू लागतो तोवर घंटा होते. सलग एक तास द्या.

सुरक्षिततेची काळजी रास्त आहे, ती मी टाळत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिलिमीटर रुंदीचं छोटं नळकांडं वापरतात. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती घशात अडकू शकते. असं नळकांडं प्रत्येक वर्गाला द्या, त्यात न मावणारी झाकणं आणि शिंपलेच लहानग्यांपुढे जातील. बटणसेल आणि चुंबकाच्या सुट्या गोळ्या कोणत्याही वयाला वर्गात नकोतच. कुसं लागणारं लाकूड, गंजलेला पत्रा, औषधांच्या बाटल्या, लांब दोरी नजरेआड, हे आम्ही शिक्षिका रोज पाहू शकतो. त्यासाठी कपाटाला कुलूप लागत नाही.

पालक विचारतात, “नुसतं खेळवता, लिहायला कधी शिकवणार?” हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही, त्यामागे मुलाच्या भवितव्याची धास्ती असते. पण ज्या बोटांनी चिमटा दाबला, माती मळली, रिळात दोरी ओवली, त्याच बोटांनी पुढे पेन्सिल धरायची असते. हे पालकांना आम्ही समजावू. आपल्या अधिकाऱ्यांना मात्र आपणच सांगावं लागेल, कारण तपासणीत गिरवलेल्या वह्याच पाहिल्या जाणार असतील तर शिक्षिका वह्याच गिरवून घेणार. अधिकाऱ्यांनी अर्धा तास एका कोपऱ्यात शांत बसावं आणि एका मुलाने काय केलं, काय विचारलं, कुठे अडलं आणि मग काय केलं, एवढं लिहून न्यावं. शिक्षिकेच्या प्रशिक्षणातही पाठ कसा घ्यावा याच्याआधी हात मागे कसा ठेवावा आणि कोणत्या क्षणी एकच प्रश्न विचारावा, हे यावं. मला ते समजायला फार वर्षं लागली.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१व्या कलमात खेळ हा मुलांचा हक्क म्हणून नोंदला आहे. मी आज त्या हक्काचा अगदी छोटा भाग मागते आहे. आदेशाचा मसुदाही सोबत देते, शब्द आपण हवे तसे बदला:

“बालवर्गातील खेळसाहित्य मुलांच्या रोजच्या वापरासाठी आहे. ते मुलांना हाताला येईल अशा उघड्या फडताळात ठेवावे. वापरात झिजल्यास, मोडल्यास किंवा हरवल्यास शिक्षिकेकडून खुलासा मागू नये अथवा वसुली करू नये.”

आपली,
एक बालवाडी शिक्षिका