मूळ गाव: पाण्याखाली

ती. आई व बाबा यांना,
सा. न. वि. वि.

आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची नक्कल परवा पोहोचली. पोरीच्या जात पडताळणीच्या फायलीत तेवढाच एक कागद अडला होता, 1950 च्या आधीचा. आता फाईल दिली की झालं. पण बाबा, पाकिटात तुम्ही चिठ्ठीही घातलीत: "कागदावर गाव आहे, जमिनीवर नाही. यापुढं पोरीनं ठाण्याचीच म्हणून सांगावं." फोनवर असलं काही निघालं की तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणून मोकळे होता, म्हणून लिहायला बसले.

मला ते पटलेलं नाही.

कुकडी नदीवर धरण झालं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. खाली गेलेलं घर, खाचरं, नदीकाठचा वाघोबा, सगळं मी आईच्या तोंडूनच पाहिलं. पाणी कालव्यानं पारनेर, श्रीगोंद्यावरून पार करमाळ्यापर्यंत जातं आणि धरणाच्या उशाला राहून आपण मे महिन्यात हंडे घेऊन फिरतो. हा राग मी विसरावा असं तुम्हालाही वाटत नसेल. पण जमीन गेली म्हणून आपण कुठलेच उरलो नाही, हे मी मान्य करणार नाही. अर्जातल्या 'मूळ गाव' या रकान्यात मी आपल्याच गावाचं नाव घातलंय. पोरीनं विचारलं, "तिथं आता काय आहे?" मी म्हटलं, पाणी आहे, पुढं लिही.

तुमची सगळी नोकरी जुन्नर-कल्याण गाडीवर गेली. सुट्टीच्या दिवशी मात्र तुम्ही आम्हाला माळशेज सोडून नाणेघाटात न्यायचात आणि तो दगडी रांजण दाखवून सांगायचात, कोकणातून वर येणारा व्यापारी यात जकात टाकायचा. मला तो रांजण म्हणजे तुमची खांद्यावरची चामडी पिशवीच वाटायचा. तुमच्या आधी दोन हजार वर्षं याच डोंगरावरून माणसं न् माल चढवण्या-उतरवण्याचं काम कुणीतरी करत होतं, हे मी तुमच्याकडून शिकले. शाळेत फक्त 'सातवाहन काळ, व्यापारी मार्ग' एवढंच होतं, दोन मार्कांना.

लोक तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख बघायला जातात. यज्ञ किती केले, गाई किती दिल्या, हत्ती-घोडे किती, कार्षापणं म्हणजे तेव्हाची नाणी किती, सगळं आकड्यांसकट कोरलंय, आणि आकड्यांचा अभ्यास करणाऱ्यांना तो लेख आजही मोलाचा वाटतो. मी मात्र लेण्याच्या मागच्या भिंतीपाशी जास्त वेळ थांबते. सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी अशी नावं वर शाबूत आहेत आणि पुतळ्यांची खाली पावलं तेवढी उरलीत. राजाराणीचीही तीच गत. मग आपलं जोतं पाण्याखाली गेलं तर त्यात एवढं खजील काय व्हायचं?

जुन्नरच्या लेण्यांत तर राजांपेक्षा साध्या माणसांची नावं जास्त. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे संघानं, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. इरिल नावाच्या यवनानं, म्हणजे त्या काळच्या ग्रीक माणसानं, दोन टाकी दिली, चिट नावाच्या दुसऱ्या यवनानं भोजनमंडप. कुठून कुठं आलेली माणसं, पण तहानलेल्याला पाणी आणि भुकेल्याला जेवायला सावली देऊन इथली झाली. हे मुद्दाम लिहितेय, कारण हल्ली मातीवर, मुळांवर बोलणारे फार झालेत आणि त्यातल्या निम्म्यांना शेजाऱ्याला उपरा ठरवायलाच मूळ हवं असतं. तसलं मूळ मला नको आणि पोरीलाही द्यायचं नाही.

आपल्या महादेव कोळी माणसांची नावं मात्र त्या भिंतींवर सापडत नाहीत. घाटात ओझी कुणी वाहिली, वाट कुणी दाखवली? पुरावा मागाल तर माझ्याकडे नाही. आपली नावं नंतर आली, आणि आली तीही शिक्षा झालेल्यांच्या यादीत. शिवनेरीवर सगळे शिवाई देवीला जातात, महाराजांच्या जन्मस्थानी माथा टेकतात, आपणही टेकतो. पण मुघलांवर उठलेल्या महादेव कोळ्यांची मुंडकी रचून त्यावर बांधलेल्या चौथऱ्यापाशी फार कुणी थांबत नाही. तुम्ही थांबायचात, चपला काढून. सांगायचात काहीच नाही. मोठी झाल्यावर मी ते जुन्या गॅझेटियरमध्ये वाचलं आणि तुमच्या गप्प राहण्याचा अर्थ लागला.

जांभोरीच्या होन्या केंगल्याची गोष्ट तर आजी अशी सांगायची की जणू कालच येऊन भाकरी खाऊन गेला. सावकारांची कर्जखतं हिसकावणारा तो होन्या 1876 मध्ये पकडला गेला. आजीच्या गोष्टीत तो कधीच पकडला गेला नाही, हे तुम्हाला आठवतं का?

आणि ठाण्याचं म्हणाल, तर तेही ऐका. माझी रोजची बस कारागृहाच्या भिंतीला लागून जाते. याच कारागृहात 2 मे 1848 रोजी इंग्रजांविरुद्ध उठलेल्या राघोजी भांगऱ्यांना फाशी दिली. माणूस नगरकडच्या अकोले तालुक्यातल्या देवगावचा, म्हणजे आपल्या डोंगरापलीकडचा. बसमध्ये माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईला त्या भिंतीशी काही देणंघेणं नसतं, तिचं ती मोबाईल बघत असते. मला तिथं दरवेळी आपला तालुका लागतो. त्यामुळे पोरगी ठाण्याची आहे असं म्हटलं तरी ती तुमच्या तावडीतून सुटत नाही, बाबा.

आता कामाचं. आई, बुडालेल्या खाचरांची नावं तू एका दमात म्हणायचीस: उंबराचं खाचर, लांबट, भुताचं खाचर, पुढं काय ते मला आठवत नाही. गटनंबर कागदावर सापडतील, ही नावं कुठल्याच कागदावर नाहीत. ती फक्त तुझ्याकडे आहेत आणि शेजारच्या काकूकडे थोडी. मे महिन्यात आम्ही येतो. तेव्हा पाणी बरंच उतरलेलं असतं, जोती उघडी पडतात. बाबांनी काठावर उभं राहून हातानं दाखवायचं, तू नाव सांगायचं, पोरगी नकाशा काढेल आणि तुझा आवाजही भरून घेईल. "यात काय लिहायचंय मेलं" असं तू म्हणणार, ते आधीच ऐकून घेतलंय असं समज. कुणाचं घर कुठं होतं, पाण्याला कुठल्या वाटेनं जायचात, भात झोडायला कोण कोण यायचं, सगळं हवंय. भांडणंसुद्धा. बांधावरून कोण कुणाशी किती वर्षं बोलत नव्हतं, हे तर आधी.

पोरीला मराठी लिहिताना कंटाळा येतो, पण नकाशे बरे काढते. मोठा कागद आणि रंग ती घेऊन येईल.

बाबा, बाळहिरड्याचे दिवस आहेत, पण यंदा तुम्ही झाडावर चढायचं नाही. गुडघ्याचा पट्टा घालताय ना? व्यापारी ओल्या मालाचा भाव पाडून मागेल, तर वाळवून ठेवा, आम्ही आल्यावर जुन्नरला नेऊ.

तुमची,
धाकटी