बातमीत वाऱ्याची दिशाही छापा

महोदय,

शिकाऊ विमान धावपट्टीवरून घसरलं की बातमी येते, ‘वैमानिकाचे नियंत्रण सुटले, जीवितहानी नाही.’ वारा कुठून आणि किती होता, हे त्यात सहसा नसतं. अठ्ठावीस वर्षं लहान विमानांवर शिकवलं, त्यामुळे मी आधी तेच शोधते.

धावपट्टीवरचा ठळक आकडा म्हणजे तिची दिशा. २७ म्हणजे २७० अंश, थेट पश्चिम. तिथे २४० अंशांवरून १६ नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा असेल तर त्यातला पट्टीला आडवा लागणारा भाग ८ नॉट. तोच वारा आणखी ३० अंश दक्षिणेकडे सरकला की आडवा भाग जवळपास १४. सेसना १५२ या दोन आसनी शिकाऊ विमानाच्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्याचा चाचणीत दाखवलेला आकडा १२ आहे. वाऱ्याचा वेग तोच, फक्त दिशा फिरली! मुंबईत जुहूच्या विमानतळावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन पट्ट्या आहेत. ज्या तळावर एकच आहे, तिथे दुसरा पर्याय नाही.

एका एप्रिलच्या दुपारी मी विद्यार्थ्याशेजारी बसले होते. वारा डावीकडून. त्याने नाक वाऱ्याकडे ठेवून विमान सुरेख आणलं, शेवटी उजव्या रडरने (शेपटीवरच्या सुकाणूने) सरळ केलं, डावा पंख झुकवून आधी डावं चाक टेकवलं. आणि हात सैल सोडले. डावा पंख उचलला गेला, शेपटीला वारा लागून नाक डावीकडे वळलं. माझे हात पोचेपर्यंत आम्ही मातीत होतो. उजव्या पंखाचं टोक घासलं, पुढचं चाक मोडलं. दोघेही चालत बाहेर आलो.

चाकं टेकली तरी लँडिंग संपत नाही. वेग उतरेल तसं हातातलं, पंख झुकवणारं व्हील वाऱ्याकडे आणखी वळवत न्यायचं असतं, पार विमान थांबेपर्यंत. हे त्याला तोंडी माहीत होतं. हाताला सवय नव्हती, कारण त्याचे बहुतेक तास आम्हीच सकाळच्या पडलेल्या वाऱ्यात भरून घेतले होते. चौकशीच्या कागदावर नाव मात्र त्याचं लागलं. ते मला आजही सलतं.

म्हणून विनंती, अशा बातमीत पट्टीचा क्रमांक आणि त्या वेळच्या वाऱ्याची नोंद छापावी. आणि ज्यांची मुलं उड्डाण शिकताहेत त्या पालकांनी शाळेला विचारावं, एकट्याने पाठवण्याआधी आडव्या वाऱ्यात इन्स्ट्रक्टरसोबत किती लँडिंग झाली?

– एक निवृत्त उड्डाण-प्रशिक्षिका, कोथरूड, पुणे