मुरूम उघडा पडल्यावर

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

'सरकारचे पैसे आले ना, मग आता अडले कुठे?' असे तू विचारलेस. फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून लिहीत आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदी काठ सोडून वाहिली, तेव्हा काढणीला आलेले सोयाबीन तर गेलेच. पण वरची काळी मातीही खरडून गेली आणि रानात मुरूम उघडा पडला. बुडालेल्या पिकाचे दुःख हंगामापुरते असते, या मुरमात मात्र पुढच्या मृगात काय पेरायचे, हेच कळत नाही.

२०२३ च्या खरिपापासून मिळणारा एक रुपयाचा पीकविमा (त्यात बोगस अर्जही झाले, हे मान्य करायला हवे) नेमका पुराच्या, २०२५ च्या खरिपात बंद झाला होता, आणि ७२ तासांत नुकसान कळवून आपल्यापुरती भरपाई मागण्याची सोयही त्याबरोबर गेली. त्या खरिपाची भरपाई सारी पीक कापणी प्रयोगावर (निवडक शेतांत पीक कापून मोजलेल्या उत्पादनावर), म्हणजे काठावरच्या वाहून गेलेल्या रानाची सरासरी माळावरच्या उभ्या पिकाबरोबर निघणार. केंद्र आणि राज्य मिळून सन्मान निधीचे वर्षाला १२ हजार येतात खरे. पण हप्ता येण्याआधीच चुलत्यांनी तीन शेळ्यांना बाजार दाखवला होता.

त्यामुळे मदतीच्या घोषणेतले मला पटले ते एकच: खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७ हजार रोख आणि त्याखेरीज ३ लाखांपर्यंतचे काम रोजगार हमीतून. १९७२ च्या दुष्काळात आमची आजी पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती आणि सुकडीवर (दुष्काळात वाटल्या जाणाऱ्या पौष्टिक पिठावर) दिवस काढत होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या रोजगार हमी योजनेचा कायदा पुढे १९७७ साली झाला. तुझ्या पगारातून दरमहा कापला जाणारा व्यवसाय कर मुळात याच योजनेच्या खर्चासाठी १९७५ साली आला, म्हणजे आमच्या रानात तुझाही थोडा वाटा आहे! त्या मजुरीने तेव्हा चूल पेटली, आणि तो तलाव आजही आमच्या विहिरींना पाझर देतो.

आता चैत्रात त्याच तलावाचे पाणी मागे सरले आहे आणि तळाचा गाळ उघडा पडला आहे. आमच्या रोजगार हमीच्या कामाचे मस्टर (मजुरांचा हजेरीपट) अजून निघालेले नाही. तोवर चुलत्यांनी उसन्या ट्रॉलीने चार खेपा आणून टाकल्या. बांधाकडेचा एक अरुंद पट्टा पुन्हा काळा दिसू लागला आहे.

तुझा,
दत्ता