बंड्यास, गाडीच्या तिसऱ्या सिलिंडरबद्दल

बंड्या,

दिवाळीत तुझा फोन येऊन गेला, नंतर करतो म्हटलं आणि ते नंतर काही उजाडलंच नाही. शिव्या घालायच्या त्या घाल, पण आधी हे पूर्ण वाच, कारण दुसऱ्या कुणाला सांगायला गेलं की "विकून टाक की ती" एवढंच ऐकून घ्यावं लागतं. आबांची शुगर बरी आहे, आईचे गुडघे आहेत तसेच, मी ठणठणीत. झालं.

तर आपली पांढरी गाडी मिसिंग मारायला लागली. पहिल्यांदा फक्त गॅसवर, वाघबिळाच्या पुढं चढ लागला की तिसऱ्या गिअरला झटके, पेट्रोलवर टाकली की गप. मग पेट्रोलवरही सुरू झालं, आणि एकदा चेक इंजिनचा दिवा नुसता लागला नाही तर मिचकायला लागला. तो मिचकला की मी घाबरतो बाबा, कारण त्याचा अर्थ न जळालेलं पेट्रोल पुढं सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय, आणि तो गेला की खर्चाचं बोलायलाच नको. पन्हाळ्याला जायचं रद्द करून गपगुमान हळूहळू खाली आणली.

गॅरेजवाल्यानं बॉनेट पण नीट उघडलं नाही. "इंजिन काम निघालंय, ४०,००० धरून चला." कॉलनीतल्या लोकांचं एकमत, इथेनॉलवाल्या ई-२० पेट्रोलमुळं झालंय. हल्ली गुडघे दुखले तरी ई-२० मुळंच दुखतात. धाकटा म्हणाला स्क्रॅपला दे, दोन वर्षांनी पंधरा पूर्ण होतील, मग पासिंगचे ५,००० आणि वर ग्रीन टॅक्स, कशाला पाहिजे. आबा काही बोलले नाहीत. खुर्ची टाकून बसले बॉनेटपाशी, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "चारातल्या तीनच सिलिंडरवर चाललीय. आणि मेलेलं मधलं आहे, कडेचं नाही." लेका, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला माणूस. मी ते ब्लूटूथवालं स्कॅनर लावलं, मोबाईलवर कोड आला पी-०३०३. म्हणजे तिसरं सिलिंडर. आबांनी स्कॅनरकडं बघितलं पण नाही.

आता तुझं जुनं पालुपद, "आधी प्लग, मग बाकीचं". आणि माझं "आधी पेट्रोल". स्कूटरवरनं आपण दोघं आठवडाभर बोलत नव्हतो ते ह्याच्यावरनंच ना? आणि शेवटी निघाला होता टाकीच्या झाकणाच्या भोकात अडकलेला कचरा, त्यामुळं तू आजपण जिंकलेला नाहीस. पण ह्या वेळी तुझं ऐकलं. इंजिनच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरवरनं प्लगना करंट देणारे कॉईल काढले तर तिसऱ्या प्लगच्या विहिरीत ऑइल! चांगलं बोटभर. कव्हरच्या आतली प्लगची रबरी रिंग कडक होऊन चिरलेली, आणि कॉईलचं रबर ऑइल पिऊन फुगून मऊ झालेलं, नखानं दाबलं की खड्डा पडून तसाच राहत होता. प्लग तर बघवत नव्हता. बाकीच्या तिघांचं तोंड बिस्किटी रंगाचं, ह्याचं काळं आणि ओलं, आणि गॅप घासून १.३ मिमीपर्यंत गेलेला. गॅसला ठिणगी टाकायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं हे तर तुला माहीतच आहे, म्हणून पहिली बोंब गॅसवर झाली. गॅरेजवाला मात्र गॅसच्या किटला शिव्या घालत होता.

तरी लगेच कॉईल आणायला धावलो नाही. तिसऱ्याची कॉईल दुसऱ्यावर, दुसऱ्याची तिसऱ्यावर, आणि चढावर नेली. कोड पळाला पी-०३०२ वर! म्हणजे कॉईल गेली हे पक्कं. नवी कॉईल, चार प्लग, कव्हरचं पॅकिंग आणि आतल्या रिंगा, सगळं मिळून गॅरेजवाल्याच्या आकड्याच्या पासंगालाही नाही. प्लगचा गॅप ०.८ ठेवला, इंजिन थंड असताना रबरी नळीच्या टोकाला प्लग खोचून हातानंच फिरवत बसवला. तू स्कूटरच्या हेडचे आटे खाल्ले होतेस तेव्हापासून मी पाना लावायच्या आधी नळीच वापरतो.

इथपर्यंत सगळं छान. चढावर पांढरी एकदम मऊ. पण सिग्नलला उभी केली की अजून धडधड. चढावर नाही, फक्त आयडलला. तिथंच माझ्या पोटात गोळा आला, कारण कॉईल जेव्हा मरते तेव्हा लोडला मरते, नुसत्या आयडलवर रुसणारं सिलिंडर म्हणजे दुसरंच काहीतरी. एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघितला, तिसऱ्याचा काढल्यावर आरपीएम पडले पण बाकीच्यांएवढे नाहीत, म्हणजे तिसरं अजून पूर्ण जोर लावत नव्हतं. (कॉईल ओढून टेस्ट नाही केली, ते तू करतोस आणि झटके खातोस.)

मग आबांनी खिशातनं दहाची नोट काढून सायलेन्सरच्या तोंडाशी धरायला लावली. नोट बाहेर फडफडत होती, फडफडत होती आणि मधेच आत चिकटायची. मला आठवतंय, त्यांनी हे आपल्याला कुणाच्या तरी जीपवर दाखवलं होतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह धरत नसला की नोट आत ओढते म्हणून. आबांनी नोट घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, "नरसोबाच्या वाडीला जायचं का गुरुवारी?"

उद्यमनगरातनं सिलिंडरचा दाब मोजायचं गेज भाड्यानं आणलं. चारी प्लग बाहेर, इंजेक्टर बंद, धाकट्याला पूर्ण अॅक्सिलेटर दाबून स्टार्टर मारायला लावलं. १२, १२, ७, ११.५ किलो. तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून परत बघितलं, काटा सातच्या वर हलायला तयार नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगा नाहीत, व्हॉल्व्हच. व्हॉल्व्हची फट मोजायला फिलर गेज लावलं तर पुस्तक एक्झॉस्टला ०.३० मिमी म्हणतंय आणि इथं ०.१० ची पट्टीसुद्धा शिरत नव्हती. म्हणजे इतकी वर्षं गॅसवर पळून व्हॉल्व्ह बसतो ती सीट झिजली, व्हॉल्व्ह वर चढला, मोकळीक संपली, आणि तो पूर्ण बसेनासाच झाला. चारीचं टॅपेट सेटिंग केलं. बाकीचे थोडे थोडेच घट्ट होते. परत गेज लावलं तर तिसरा ७ वरनं ९.५ वर आला. आयडलला आता धडधड नाही, बारीकशी थरथर आहे, माहीत नसलेल्याला कळणार पण नाही.

पण मला कळतेय ना. बंड्या, रात्री झोपताना तो साडेनऊचा आकडा डोळ्यासमोर येतो. व्हॉल्व्हची कडा थोडी जळलीच असणार, नाहीतर पूर्ण १२ आलं असतं. का थोडं कार्बन अडकलंय आणि चालवून चालवून सुटेल? गॅस बंद करून नुसतं पेट्रोलवर चालवली तर किती दिवस काढेल? का आत्ताच हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून लॅप करून घेऊ, सीट कापून आणू? हेड उतरवलं की धाकटा परत स्क्रॅपचं काढणार, आणि ह्या वेळी आई पण त्याच्या बाजूला जाणार. आबांना मी आकडा सांगितलेला नाही. ते विचारत पण नाहीत, रोज सकाळी येऊन बॉनेटवर हात ठेवतात आणि पेपर वाचायला जातात. त्यांना माहीतच आहे असं मला वाटतं. तुला काय वाटतं?

बरं तुझं काय, चाकणची शिफ्ट बदलली का अजून रात्रीचीच? पोरगी दहावीला ना यंदा, तिला सांग काका म्हणतोय गणित सोडवून सोडवून येतं, बघून नाही. वहिनींना नमस्कार. फ्लॅटचं पझेशन मिळालं का बिल्डर अजून पुढच्या गुढीपाडव्यावरच आहे?

पण आधी एका ओळीत उत्तर दे, हेड उतरवू का नको. उतरव म्हणालास तर शनिवारी स्वतः ये, आणि माझा टॉर्क पाना घेऊन ये. हेडचे बोल्ट अंदाजानं आवळायचे नसतात हे मला तूच शिकवलंस, माझाच पाना स्वतःच्या घरी ठेवून.

तुझा,
दिग्या