उपासनेला काय घालावं: मुलीस पत्र

चि. रूथ हिस,
अनेक आशीर्वाद.

नव्या ठिकाणी कोणत्या चर्चमध्ये जायचं हे तुझं अजून ठरायचंय, त्यामुळे ‘काय घालून जाऊ?’ हा प्रश्न रास्तच आहे. मात्र त्याला एकच एक उत्तर नाही. काही चर्चमध्ये दोन-दोन तास उभं राहावं लागतं, काहींत वारंवार गुडघे टेकावे लागतात, तर काहींत बाकावर बसून प्रवचन ऐकायचं असतं.

आधी शास्त्राचं बघू. कपड्यांवरून कोणी वचन तोंडावर फेकलं तर तो अध्याय उघडून पूर्ण वाच. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल मर्यादशील वेषाबद्दल बोलतो आणि नावं घेतो ती केस गुंफण्याची, सोन्यामोत्यांची नि किमती वस्त्रांची. रोख आहे श्रीमंतीच्या मिरवणुकीवर. बाहीच्या लांबीचं तिथे काहीच नाही. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय तर आणखी रोखठोक आहे: अंगठीवाल्या, झगझगीत कपड्यांतल्या माणसाला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला ‘तू तिथे उभा राहा’. दोष जागा देणाऱ्याच्या पदरी टाकलाय, गरिबाच्या नव्हे. तेव्हा चर्चसाठी म्हणून वेगळी खरेदी करू नकोस. धुतलेले, इस्त्रीचे, शिवण न उसवलेले कपडे पुरतात.

डोकं झाकण्याचा मुद्दा करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायातून येतो. कॅथलिक चर्चच्या 1917च्या कायद्यात स्त्रियांनी डोकं झाकावं असं कलम होतं, 1983च्या कायद्यात ते नाही. त्यामुळे आता मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, स्कार्फ घेणं ऐच्छिक आहे. ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या परंपरेच्या, चर्चमध्ये पुष्कळ ठिकाणी तो अजून अपेक्षित असतो, आणि गुडघ्याखाली जाणारा स्कर्टही. सुती स्कार्फ घे, रेशमी सारखा घसरतो. पुरुषांना उलटं: आत शिरताना टोपी काढायची. खांदे आणि गुडघे झाकलेले असले की जवळपास कुठेही अडचण येत नाही. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स या मोठ्या चर्चमध्ये तर उघडे खांदे किंवा आखूड पँट-स्कर्ट असेल तर दारावरूनच परत पाठवतात.

आता खरी परीक्षा. घरातून निघण्यापूर्वी आरशासमोर चार गोष्टी कर. खुर्चीवर बस आणि स्कर्ट किती वर सरकतो ते बघ. उभं असताना गुडघ्याच्या चार बोटं खाली असलेला स्कर्ट बसल्यावर गुडघ्याच्या वर जातो, अरुंद असेल तर जास्तच. मग दोन्ही गुडघे टेकून ऊठ. लांब घेर इथेच पायाखाली येतो आणि तोल जातो. वेदीच्या पायऱ्या चढतानाही तसंच होतं, म्हणून घेर घोट्याच्या जरा वर ठेव. तिसरं, पुढे वाक. खाली पडलेलं गीतपुस्तक उचलताना गळा कितपत उघडा पडतो ते कळेल. चौथं, दोन्ही हात वर कर. हात उंचावून स्तुती करतात अशा मंडळीत आखूड टॉप कमरेवर चढतो, आणि मग सगळं लक्ष तो खाली ओढण्यात जातं. या चारही गोष्टींतून पार पडलेला कपडा उपासनेत एकदाही हाताने सावरावा लागत नाही. माझ्या मते हाच निकष. पँट की ड्रेस, हा वाद त्यापुढे फुकाचा आहे.

पाठीवर मजकूर छापलेला टी-शर्ट नको, मागच्या बाकावरचा माणूस तासभर तेच वाचत बसतो. अत्तर जवळजवळ नकोच. बंद जागेत, त्यात धूप जळत असेल तर, दमा असलेल्याला त्रास होतो. खणखणणाऱ्या बांगड्या आणि फरशीवर टकटकणारी टाच शांत प्रार्थनेत फार मोठी ऐकू येते. जिथे सगळे एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतात किंवा क्रुसाचं, पवित्र प्रतिमेचं चुंबन घेतात, तिथे लिपस्टिक आधी पुसून टाक. तिचा डाग प्याल्याच्या कडेवरून एका पुसण्यात जात नाही.

शास्त्रवाचन तुझ्याकडे आलं तर कॉलरचा शर्ट घाल. छोटा माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, मधोमध अडकवतात. तिथे साखळी असेल तर ती माइकवर आपटत राहते, आणि सळसळणारं कापड असेल तर तेही ऐकू येतं. माइकचा ट्रान्समीटर (छोटी डबी) खोचायला कमरपट्टा किंवा खिसा लागतो, अखंड ड्रेसमध्ये दोन्ही नसतं.

जांभळा, पांढरा, तांबडा, हिरवा हे चर्चच्या सण-काळानुसार बदलणारे रंग धर्मगुरूंच्या झग्याचे आणि वेदीवरच्या कापडाचे. ते तुला जुळवायचे नाहीत.

काही दिवसांना मात्र वेगळी तयारी लागते. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावरची राख पांढऱ्या शर्टवर सांडते. ती ओल्या हाताने चोळू नकोस, नुसती झटक. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी पाय धुवून घेणाऱ्यांत तुझं नाव असेल तर लेस नसलेले बूट घाल, लांब मोजे टाळ. ईस्टरच्या आदल्या रात्री सगळ्यांच्या हातात पेटती मेणबत्ती असते. केस बांध, आणि लोंबणारा सिंथेटिक स्कार्फ घेऊ नकोस, तो ज्योतीने वितळून कातडीला चिकटतो. बाहीवर मेण सांडलं तर घट्ट होऊ दे, बोथट कडेने खरवड, मग वर-खाली टिपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरव. मेण कागदात उतरतं.

बाप्तिस्मा पूर्ण बुडवून असेल तर पातळ पांढरा कपडा एकटा कधीही घालू नकोस, भिजला की आरपार दिसतो. आत गडद रंगाचे घट्ट कपडे हवेत. जीन्स पाण्याने जड होते आणि पायऱ्या चढवत नाहीत. सैल झगा पाण्यावर तरंगून वर येतो, म्हणून त्याच्या खालच्या पट्टीत वजनं शिवतात. चर्चचा झगा मिळणार असेल तर ती आहेत का ते आधी चाचपून घे. पिशवीत मोठा टॉवेल, आतल्या कपड्यांसह पूर्ण जोड आणि ओल्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी ठेव. कॉन्टॅक्ट लेन्स पाण्यात उतरण्याआधी काढ.

तुझी,
आई