बाबांचं तीनदा हॅलो

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबांवर उगाच खेकसले, "येतंय ऐकू, पुढे बोला ना!" तेव्हापासून मनाला लागलंय. आणि सांगायचं ते राहूनच गेलं. इथलं काम मी आणखी दोन वर्षं वाढवून घेतलंय. सही कालच केली. आधी विचारलं नाही, कारण तुम्ही हो म्हणाला असतात आणि आई आठवडाभर झोपली नसती.

बाबा, तुमचं ते "हॅलो, हॅलो, हॅलो" हाच माझा विषय आहे, खरंच. टॉवर आणि फोनही तेच करतात. दोघांना आधीच ठाऊक असलेला संकेत पाठवायचा, त्याला पायलट म्हणतात. तो किती बिघडून पोचला त्यावरून वाटेत काय झालं ते ओळखायचं, मग खरं बोलणं. टॉवरवर अँटेना दोन झाल्या की गंमत. दादा आणि मी एकदम ओरडलो की आई म्हणायची, एकेकाने बोला. इथे एकदम बोललं तरी चालतं: पहिल्या फेरीत दोघांचे संकेत सरळ, दुसरीत एकाचा उलट चिन्हाचा. फेऱ्यांची बेरीज केली की एक सुटतो, वजाबाकी केली की दुसरा. पण चौसष्ट अँटेनांना चौसष्ट फेऱ्या लागतात, आणि 2 गिगाहर्ट्‌झची लहर असते 15 सेंटिमीटरची. माणूस चार बोटं सरकला की हिशोब पुन्हा पहिल्यापासून!

हसिबी आणि हॉकवाल्ड या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलं की पायलट आणि बोलणं यांत शक्ती हवी तशी वाटता आली, तर पाठवणाऱ्या अँटेनांइतक्याच फेऱ्या पुरतात. 2010 मध्ये मार्झेटा या दुसऱ्या संशोधकांनी बाजू उलटवली: पायलट फोननेच पाठवावा. जाता-येता फ्रिक्वेन्सी एकच असेल तर वाट दोन्हीकडून सारखी, म्हणून फेऱ्या फोनांइतक्याच, टॉवरवर अँटेना शंभर का असेनात. फक्त शेजारच्या टॉवरचा फोन तोच पायलट वापरत असला की दोघांची भेसळ होते, आणि मार्झेटांच्या साध्या पद्धतीत अँटेना कितीही वाढवल्या तरी ती जात नाही. मी त्या भेसळीत अडकलेय. अर्धवट टाकून आले असते तर बाबा, तुम्हीच म्हणाला असतात, सोडून का आलीस? (पगारही थोडा वाढला. पण त्यासाठी नाही. बरं, थोडं त्यासाठीही.)

माझी काळजी नको. खोलीत सकाळी ऊन येतं, पांघरूण आईने दिलेलंच आहे, आणि अजूनही त्याचं टोक गालाखाली घेतल्याशिवाय झोप लागत नाही. दादाला सांगू नका.

आता ऐका. बाबा, फोनवर येरझाऱ्या घालू नका. चालण्याचा वेग फोन सांभाळून घेतो, तुमचा गुडघा नाही. बीपीची गोळी चुकवायची नाही. आई, रिपोर्ट माझ्यापासून लपवायचे नाहीत, मला कळतं. दादा आहेच, पण त्याला सांगायला लाजू नका. मध्ये मोठी सुट्टी घेऊन येणारच आहे, तारीख ठरली की कळवते.

रविवारी फोन करते. बाबा, हॅलो तीनदा म्हणा. चारदा म्हटलंत तरी चालेल.

तुमची,
धाकटी