हनोईच्या ताई, आईला जेवू घातलंत म्हणून

ताई,

व्हिएतनाममधल्या हनोईच्या जुन्या पेठेत, एका गल्लीच्या तोंडाशी तुमचं फोचं, म्हणजे रस्स्यातल्या तांदळाच्या शेवयांचं, छोटंसं दुकान आहे. तुमचं नाव मी विचारलं नाही आणि तुम्हाला मराठी येत नाही. तरी हे पत्र लिहिल्याशिवाय मला चैन पडेना.

माझी आई माळकरी. मांस-मासळी तिला अजिबात चालत नाही. फोचा रस्सा गाईच्या नाहीतर कोंबडीच्या हाडांवर तासन्‌तास उकळतो आणि भाजीतसुद्धा माशाचा सॉस, तुमचं नुक माम, पडतंच, हे मी निघण्याआधीच वाचलं होतं. जो तो आपल्या पद्धतीने जेवतो, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. संताप आला तो फसवण्याचा. आधी एका हॉटेलात "व्हेज, व्हेज" म्हणत मान डोलावली आणि भरलेल्या वाडग्यातले मांसाचे तुकडे तेवढे काढून तोच वाडगा आईपुढे सरकवला. दुसरीकडे मी फोनवरचं भाषांतर दाखवायला गेले, तर वाचायच्या आधीच हाताने बाहेरची वाट दाखवली. आई दोन्हीकडून उपाशी उठली आणि वर मलाच समजावत राहिली, "जाऊ दे गं, केळी खाऊ."

तुम्ही फोन हातात घेतलात आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचलंत. आईच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे पाहिलंत, मग कोपऱ्यात जमिनीलगत मांडलेल्या तुमच्या देवाकडे बोट दाखवून हसलात. तुमच्याकडेही चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी कितीतरी माणसं शाकाहार पाळतात. म्हणूनच असेल, आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही. आईचे गुडघे वाकत नाहीत हेही न सांगता कळलं तुम्हाला, प्लास्टिकची बुटकी स्टुलं एकावर एक रचून तिची बसायची सोय केलीत. ऐन गर्दीत वेगळं पातेलं चढवलंत. भाजलेलं आलं, दालचिनी, चक्रीफूल, मशरूम, टोफू.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. वाढण्याआधी तुम्ही ते पातेलं उचलून आईजवळ आणलंत, झाकण काढलंत, धुतलेला डाव तिच्यासमोर धरलात आणि थांबलात. मागे गिऱ्हाइकं ताटकळत होती. आईने वाकून आत पाहिलं, वास घेतला, मान हलवली, आणि त्यानंतरच तुम्ही तांदळाच्या शेवयांवर रस्सा ओतलात. "माझ्यावर विश्वास ठेवा" असं नुसतं खुणेने सांगितलं असतंत तरी आम्ही ठेवला असता, इतकी भूक लागली होती. तुम्ही मात्र तिला स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घेऊ दिलीत. परक्या मुलखात, भाषा येत नसलेल्या म्हाताऱ्या बाईचा एवढा मान कोण राखतं? मोठमोठ्या हॉटेलांत वाकून नमस्कार करणारे पुष्कळ भेटले, पण समोरच्याचा नेम आपल्या नेमाइतकाच खरा मानणारी माणसं फार थोडी असतात. अशी माणसं भेटली की प्रवासाचा शीण कुठल्या कुठे जातो.

पैसे घेतानाही तुम्ही भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलंत. सगळ्यांना लावता तोच दर, वर एक डोंग नाही. मी पुढे केलेली जास्तीची नोट तुम्ही माझ्या मुठीत परत कोंबलीत.

आईने वाडगा चाटूनपुसून संपवला, हे तुम्ही पाहिलंतच. तिने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. तुमच्या दुकानाला बरकत येवो.

एक आभारी मुलगी